भाड्याच्या खोलींतला समुद्र

इंग्लंडांतील लिंकनशायर परगण्यांत एका कुळानें खंडानें घेतलेल्या शेतावर पदरच्या पैशानें गुरांचा गोठा, सुतारकामाची खोली, सरपणाची कोठी, गाड्यांची पडवी आणि आवाराची भिंत बांधली होती. पट्ट्याची मुदत भरण्यापूर्वीं त्यानें तें सर्व उकलून नेलें आणि जमीन जशी मिळाली होती तशी मोकळी करून ठेविली. जमीनदारानें फिर्याद केली. १८०२ सालीं लंडनच्या न्यायासनानें निकाल दिला तो कुळाच्या विरुद्ध. जें जमिनीला जोडलें गेलें तें जमिनीचें झालें, आणि जमीन ज्याची त्याचें तें झालें, असें त्या देशाचें जुनें कायदेशीर सूत्र. व्यापाऱ्याला आपल्या धंद्याचीं यंत्रें काढून नेण्याची मोकळीक होती. शेतकरी कुळाला ती नव्हती. पुढें १८३३ च्या एका खटल्यांत तर बागेच्या वाफ्याच्या कडेला भाडेकरूनें हौसेनें लावलेली ठेंगण्या झुडुपांची किनारही घर सोडतांना उपटून नेतां येणार नाहीं, असें ठरलें.

घरांत कांचेच्या हौदांत मासे पाळण्याच्या हौसेची हकीकत एका शेतकुळाच्या गोठ्यापासून सुरू करणें कांहींसें आडवळणाचें वाटेल. परंतु ही हौस ज्या काळांत आणि ज्या शहरांत जन्माला आली, तेथील बहुसंख्य लोक दुसऱ्याच्या घरांत भाड्यानें राहत असत. हे केवळ गरीब लोक नव्हते; चांगले खाऊन-पिऊन सुखी असलेले वकील, डॉक्टर आणि ग्रंथकारही त्यांत होते. लंडनच्या मोठमोठ्या पेठांची जमीन थोड्या सरदार घराण्यांच्या मालकीची होती. तीवर दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानें बांधलेलीं घरें, त्या घरांत भाडेकरू, आणि त्या भाडेकरूंनीं वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणखी कोणाला दिलेल्या, अशी ती उतरंड होती. अशा घरांत झाड लावावें तर तें मालकाचें, कारंजें बसवावें तर तेंही बहुधा मालकाचें. मेजावर नुसती ठेविलेली वस्तु मात्र कोणाला जोडलेली नसते. ती जंगम. बिऱ्हाड हललें कीं तीही हलते. सृष्टीचा एखादा तुकडा असा जंगम कसा करावा, हा त्या काळच्या शहरवासीयापुढला प्रश्न होता. आणि त्याचें पहिलें उत्तर एका डॉक्टराला अगदीं अकल्पितपणें सांपडलें.

नॅथॅनियल वॉर्ड हे लंडनच्या पूर्व भागांत, वेलक्लोज चौकांत वैद्यकी करीत. त्यांना नेच्यांचा फार नाद. पण आसपासच्या कारखान्यांच्या धुरानें त्यांच्या परसांत नेचे कांहीं जगत नसत. १८२९ सालीं त्यांनीं पतंगाचा एक कोश ओलसर मातींत घालून, रुंद तोंडाच्या बाटलींत झांकण लावून ठेविला होता. कोशांतून पतंग बाहेर पडतांना पाहावा, एवढाच हेतु. पतंगाची वेळ येण्यापूर्वींच त्या मातींतून एक इवलासा नेचा आणि गवताची एक काडी वर आली. दिवसा मातींतली वाफ कांचेवर जमे आणि तीच पुनः मातींत उतरे. पाणी घालण्याची गरजच उरली नाहीं. धुरकट हवेशीं संबंध तुटला होता, म्हणून नेचा जगला. बाटली जवळजवळ चार वर्षें हिरवी राहिली. पुढें वॉर्ड परगांवीं गेले असतां झांकण गंजलें, पावसाचें पाणी आंत शिरलें आणि तो संसार आटोपला. १८३३ सालीं त्यांनीं बंद कांचपेट्यांतून झाडें सिडनीला पाठविलीं, तीं जिवंत पोंचलीं. अशाच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यून यांनीं १८५१ च्या सुमारास चीनमधलीं चहाचीं हजारों रोपें हिमालयाच्या बाजूच्या मळ्यांत आणलीं. पण ती कथा निराळी आहे.

अशा पेट्या सामान्य माणसाच्या हातीं मात्र लवकर आल्या नाहींत. इंग्लंडांत कांचेवर शंभर वर्षें अबकारी कर होता. तो कर वजनावर घेत, त्यामुळें पाण्याचा दाब सोसणारी जाड कांच म्हणजे श्रीमंती थाट. १८४५ सालीं पील यांच्या मंत्रिमंडळानें हा कर उठविला. पुढें सहा वर्षांनीं, १८५१ त, खिडक्यांवरचा करही गेला. हा खिडकीकर घरमालकाकडून नव्हे, तर घरांत राहणाऱ्याकडून वसूल होई; म्हणून कित्येक घरांच्या खिडक्या विटांनीं बुजवून टाकलेल्या असत, आणि त्यांच्या खुणा लंडनच्या जुन्या भिंतींवर पुढेंही राहिल्या. भाडेकरूला घराबरोबर उजेडाचेंही भाडें द्यावें लागे, असें म्हटलें तरी चालेल. १८५१ च्या उन्हाळ्यांत लाखो लोकांनीं हाइड पार्कमधील प्रदर्शनाचा अवाढव्य कांचमहाल डोळ्यांनीं पाहिला, तेव्हां कांच स्वस्त झाली होती आणि उजेड फुकट झाला होता. आतां पाण्याचा प्रश्न तेवढा राहिला.

तो सोपा नव्हता. सोनेरी मासे कांचेच्या गोल भांड्यांत ठेवण्याची चाल युरोपांत जुनीच होती. पण पाणी वरचेवर बदलावें लागे, आणि तरीही मासे फार दिवस टिकत नसत. समुद्रांतले जीव पाहावयाचे तर समुद्राकाठींच गेलें पाहिजे. सिसिली बेटांत मेसिना येथें राहणाऱ्या जान विलप्र-पॉवर या फ्रेंच बाईंनीं १८३२ च्या सुमारास कांचेच्या पेट्या करवून त्यांत आर्गोनॉट नांवाचा अष्टपाद प्राणी ठेविला, आणि त्याचा नाजूक शिंपला तो स्वतःच घडवितो, हें दाखवून दिलें. त्यापूर्वीं कित्येक पंडितांचा समज असा होता कीं हा प्राणी दुसऱ्याचा शिंपला बळकावून राहतो. म्हणजे ज्याला बिऱ्हाडकरू समजत तो घरमालक निघाला. परंतु त्या बाईंच्या दाराशींच समुद्र होता. लंडनपासून तो दूर, आणि पाणी पिंपांत भरून आणलें तरी चार दिवसांत नासे.

१८४६ सालीं ॲना थिन या बाईंनीं टॉर्कीच्या किनाऱ्यावरून कांहीं प्रवाळजीव दगडी बरणींत घालून लंडनला आणले. त्यांचे यजमान वेस्टमिन्स्टर मठांत अधिकारी होते. प्रवाळ जिवंत राहावे तर पाण्यांत हवा मिसळली पाहिजे, हें बाईंनीं ताडलें. मग त्यांची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीसमोर उभी राहून तें पाणी या भांड्यांतून त्या भांड्यांत ओती. पुढच्या वर्षीं त्यांनीं पाण्यांत समुद्रशेवाळ घातलें आणि काम हलकें झालें. प्रवाळ जगले, त्यांना पिल्लेंही झालीं. बाईंनीं लिहिलेली हकीकत पुढें शास्त्रीय मासिकांत छापली गेली आणि त्यांचें नांव इतिहासांत राहिलें. खिडकीपाशीं उभी राहून समुद्राच्या लाटांचें काम हातांनीं करणारी ती बाई कोण, हें मात्र कोणी लिहून ठेवलें नाहीं.

मोलकरणीच्या हातांचें काम गोगलगाईकडे सोंपविण्याची युक्ति रॉबर्ट वॉरिंग्टन यांची. हे लंडनच्या औषधी-व्यावसायिकांच्या संस्थेंत रसायनज्ञ होते. वनस्पति उजेडांत प्राणवायु सोडतात, हें शास्त्रज्ञांना अठराव्या शतकापासूनच ठाऊक होतें. त्या ज्ञानाचा उपयोग करून एक बंदिस्त पाणवठा कायम चालता ठेवतां येईल काय, हें त्यांना पाहावयाचें होतें. १८४९ त त्यांनीं सुमारें बारा गॅलन पाण्याच्या एका कांचपात्रांत वाळू, माती आणि दगड घातले, लांब फितीसारख्या पानांची व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पति लाविली आणि दोन लहान सोनेरी मासे सोडले. कांहीं दिवस सर्व ठीक चाललें. मग जुनीं पानें कुजूं लागलीं, पाण्याला गढूळपणा आला, कांचेवर हिरवट थर चढला. मासे मरणार असें दिसूं लागलें, तेव्हां वॉरिंग्टन यांनीं डबक्यांतल्या पांच-सहा गोगलगाई आणून त्यांत टाकल्या. त्यांनीं कुजकें पान खाल्लें, कांचेवरचा थर चाटून काढला, आणि पाणी पुनः निवळलें. शिवाय त्यांनीं घातलेलीं अंडीं माशांच्या पोटीं गेलीं. मासा, पान आणि गोगलगाय यांचा हा त्रिकोण त्यांनीं १८५० सालीं लंडनच्या रसायन-मंडळापुढें मांडला. आणि थोड्याच काळांत त्यांनीं समुद्राच्या पाण्यावरही तोच प्रयोग करून पाहिला.

रसायनशास्त्राच्या इतिहासांत या निबंधाची नोंद एक छोटेखानी शोध म्हणून होते. गृहजीवनाच्या इतिहासांत त्याची किंमत पुष्कळ मोठी आहे. दोन खोल्यांत राहणाऱ्या, स्वतंत्र गडीमाणूस नसलेल्या माणसाला रोज बादल्या भरून वरच्या मजल्यावर पाणी नेणें शक्य नव्हतें. त्या काळीं नळ असला तर तळघरांत, आणि पाणीही ठराविक वेळींच सुटे. ज्या हौदाचें पाणी महिनोन्महिने बदलावें लागत नाहीं, तोच हौद त्याच्या खोलींत शिरूं शकत होता.

या विद्येला घरोघर पोंचविणारा माणूस म्हणजे फिलिप हेन्री गॉस. हे अत्यंत धर्मनिष्ठ, आणि तितकेच बारीक नजरेचे प्राणिशास्त्रज्ञ. प्रकृति ढांसळली म्हणून १८५२ सालीं ते कुटुंबासह डेव्हनच्या किनाऱ्यावर बिऱ्हाड करून राहिले आणि ओहोटीच्या वेळीं खडकांतल्या डबक्यांपाशीं गुडघे टेकून तासन् तास पाहत बसले. पुढच्या वर्षीं, १८५३ च्या मे महिन्यांत, लंडनच्या रीजंट पार्कमधील प्राणिसंग्रहालयांत जगांतलें पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें. त्यासाठीं जीव गोळा करून देणारांत गॉस होते. (मुंबईंत मरीन ड्राइव्हवरचें तारापोरवाला मत्स्यालय उघडलें तें १९५१ सालीं, म्हणजे अठ्ठ्याण्णव वर्षांनीं.) १८५४ त गॉस यांचें ‘ॲक्वेरियम’ हें रंगीत चित्रांचें पुस्तक निघालें आणि त्या हौदाला हेंच नांव कायमचें चिकटलें. समुद्र दूर असलेल्यांसाठीं त्यांनीं कृत्रिम समुद्रजलाची कृतिही प्रसिद्ध केली. साधें मीठ, एप्समचें मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड, एवढ्या चार वस्तु औषधवाल्याच्या दुकानांतून आणून गोड्या पाण्यांत विरघळविल्या, कीं खोलींत समुद्र तयार.

मग एकच वेड पसरलें. शर्ली हिबर्ड यांनीं १८५६ त गृहशोभेवरील आपल्या पुस्तकांत ॲक्वेरियमला मानाची जागा दिली. विल्यम ॲल्फर्ड लॉइड यांनीं रीजंट पार्कजवळच्या पोर्टलंड रोडवर दुकान थाटलें. तेथें हौद, शेवाळ, समुद्रफुलें, खेकडे आणि पिंपांतून आणलेलें खरें समुद्राचें पाणी विकत मिळे. बागेची जमीन ज्याला नाहीं, परसांत विहीर ज्याला नाहीं, अशा माणसाच्या खिडकींत आतां तळें आलें. तें त्याचें स्वतःचें होतें. कोणत्याही न्यायासनानें तें घरमालकाचें ठरविलें नसतें.

या वेडाचें सर्वांत बोलकें चित्र एका समुद्रकाठच्या बिऱ्हाडांत दिसतें. १८५६ च्या मे महिन्यांत जॉर्ज हेन्री लुइस हे ग्रंथकार आणि मेरियन एव्हन्स या बाई डेव्हनमधील इल्फ्रॅकूम या गांवीं भाड्याच्या खोल्या घेऊन राहिले. एव्हन्सबाईंनीं तोंवर कथा म्हणून एकही छापली नव्हती. त्यांचा पहिला कथालेखनाचा प्रयत्न त्याच वर्षाच्या सप्टेंबरांतला, आणि जॉर्ज एलियट हें टोपणनांव त्यानंतरचें. लुइस यांना सागरी प्राण्यांचा अभ्यास करावयाचा होता. गॉस यांचीं पुस्तकें वाचून दोघेंही हातांत हातोडी आणि छिन्नी घेऊन खडकांवर चढूं लागलीं. आणलेले जीव ठेवावयाचे कोठें? बिऱ्हाडांत पद्धतशीर हौद नव्हता. कांचेच्या बरण्या, औषधाच्या बाटल्या, स्वयंपाकघरांतलीं पिंवळीं पसरट भांडीं, जें मिळेल तें समुद्राच्या पाण्यानें भरून मेजांवर आणि खिडक्यांत मांडलें गेलें. एव्हन्सबाईंच्या त्या वेळच्या टिपणांत या पसाऱ्याचें वर्णन आहे, आणि त्यांत एक प्रकारचा आनंद भरलेला आहे. समाजाच्या दृष्टीनें हें जोडपें विवाहित नव्हतें. लंडनच्या प्रतिष्ठित घरांचीं दारें बाईंना बंद झालीं होतीं. भाड्याच्या खोल्या, पाहुण्यांची वर्दळ नाहीं, आणि मेजावर समुद्रफुलें उमलत आहेत, असे ते महिने. तेथून दोघें टेन्बीला गेलीं, पुढल्या वर्षीं सिली बेटांत आणि जर्सींत. प्रत्येक ठिकाणीं नवें बिऱ्हाड आणि नव्या बरण्या. लुइस यांचे लेख मासिकांत येऊं लागले आणि १८५८ त त्यांचें पुस्तक झालें. बरण्या धुऊन खोल्या मालकिणीच्या हवालीं करावयाच्या, यापलीकडे त्या समुद्राची खूण मागें राहत नसे.

लंडनच्या तिसऱ्या मजल्यावर स्थिति इतकी सोपी नव्हती, कारण पाणी जड असतें. एक घनफूट पाण्याचें वजन साडेबासष्ट पौंड. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट खोल हौद भरला, कीं नुसत्या पाण्याचेंच ओझें ४२० पौंडांच्या वर जातें. म्हणजे तीन धट्टेकट्टे पुरुष अहोरात्र एकाच मेजावर उभे आहेत असें समजावें. शिवाय त्या वेळच्या हौदांचा तळ पाटीच्या दगडाचा, चौकटी लोखंडी किंवा लाकडी, आंत दगड-वाळू निराळी. कांचा जोडावयाच्या त्या लांबी भरून, आणि लांबी वाळली कीं चिरा पडत. जुन्या घरांच्या लाकडी तक्तपोशीखालीं दुसऱ्याचा दिवाणखाना असे.

खालच्या मजल्यावर पाणी गळलें तर भरपाई कोणीं द्यावी, यावर इंग्रजी कायद्यानें याच सुमारास पुष्कळ विचार केला. तो माशांच्या हौदासाठीं नव्हे, पण हौदवाल्याला लागू पडणारा. १८६० त लँकशायरमध्यें एका गिरणीवाल्याचा तलाव फुटून शेजारच्या कोळशाच्या खाणींत पाणी शिरलें. गिरणीवाल्याचा तलावही दुसऱ्या जमीनदाराच्या परवानगीनें त्याच्या जमिनीवर, आणि खाणवालाही त्याच जमीनदाराचा भाडेकरू. १८६८ त उमरावांच्या सभेनें ठरविलें, कीं निसटल्यास उपद्रव करील अशी वस्तु ज्यानें जमिनीच्या नैसर्गिक वापराबाहेर जाऊन आणून सांठविली, त्यानें ती निसटल्याची भरपाई द्यावी, त्याची चूक असो वा नसो. या निकालानें वरच्या मजल्यावरील प्रत्येक टांकीवाल्याच्या पोटांत गोळा यावयाचा. परंतु न्यायाधीशांनीं लवकरच सबूर केली. १८७१ च्या एका खटल्यांत वखारीच्या छपरावरील पाण्याच्या पेटीला उंदरानें भोंक पाडलें आणि तळमजल्यावरच्या भाडेकरूचा माल भिजला. तेथें वर राहणारा मालक सुटला, उंदीर तर आधींच सुटला होता. मेलबर्न शहरांतील एका इमारतींत चौथ्या मजल्यावरील तोंड धुण्याचें भांडें कोणी खोडसाळानें बुजवून नळ सोडून ठेवला आणि दुसऱ्या मजल्यावरील भाडेकरूचा माल नासला. तें प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलें. १९१३ त निर्णय झाला कीं घरांत पाणी खेळविणें हा घराचा साधा, नेहमींचाच वापर आहे. निष्काळजीपणा नसेल तर भरपाई नाहीं. खोलींतला चारशें पौंडी समुद्र हा नेहमींचा वापर कीं नाहीं, हा प्रश्न त्या निकालांत उद्भवला नव्हता.

हिंदुस्थानांत मात्र जमिनीचा कायदा प्रारंभापासून निराळ्या बाजूला झुकला. १८८२ च्या मालमत्ता-हस्तांतरणाच्या कायद्यांतील १०८ व्या कलमानें भाडेकरूला, त्यानें जमिनीला जोडलेल्या वस्तु काढून नेण्याचा हक्क दिला. अट एवढीच कीं जागा ज्या स्थितींत मिळाली त्या स्थितींत परत करावी. लिंकनशायरचें तें कूळ या देशांत असतें तर त्याचा गोठा त्याचाच राहिला असता. आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ज्या हौदाला सारें जग ‘टँक’ म्हणतें, त्या इंग्रजी शब्दाचें मूळ शोधतांना कोशकार गुजराती आणि मराठी ‘टांकें’ या शब्दाकडे बोट दाखवितात. पोर्तुगीज भाषेंतल्या तशाच एका शब्दाचाही त्यांत हात असावा. किल्ल्यांवरच्या कातळांत खोदलेलीं टांकीं ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांना हा प्रवास मौजेचा वाटेल. तीं टांकीं मात्र स्थावर, कोणी उचलून नेऊं न शकणारीं.

लंडनमधलें वेड फार टिकलें नाहीं. उन्हाळ्यांत खोलींतलें पाणी तापे. दक्षिणेकडील खिडकींत हौद हिरवा होई आणि उत्तरेकडील खिडकींत झाडें मरत. भाड्याच्या घराला खिडकी निवडण्याची सोय नसे. हौशी माणूस एका हौदांत पांचपट जीव कोंबी. एक समुद्रफूल मेलें कीं रात्रींतून सर्व पाणी कुजे आणि घाण घरभर पसरे. १८६८ त जे. जी. वुड या पाद्रीबोवांनीं लिहून ठेवलें आहे कीं दहांपैकीं नऊ हौद टाकून दिले गेले आणि पुष्कळ दुकानें बंद पडलीं. लॉइड यांचाही धंदा बुडाला. ते हॅम्बुर्गच्या सार्वजनिक मत्स्यालयावर नोकरीस गेले, आणि पुढें १८७१ त लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मत्स्यालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली.

दरम्यान किनाऱ्यावर जें झालें तें भरून आलें नाहीं. गॉस यांचीं पुस्तकें हातांत घेऊन आगगाडीनें आलेल्या माणसांच्या झुंडींनीं डेव्हनचे खडक फोडले, डबकीं उपसलीं. एक जीव घरीं पोंचे तोंवर किती तरी वाटेंत मरत, आणि पोंचलेलाही महिन्याभरांत मरे. मग पुनः किनाऱ्याची फेरी. घरमालकाच्या भिंतीला खिळा मारावयाचा तर परवानगी लागे, खोली सोडतांना तक्तपोशीवरचा डाग भरून द्यावा लागे. खडकांतलीं तीं डबकीं कोणाच्याच पट्ट्यांत नव्हतीं, तेव्हां त्यांची झीज भरून मागणारा कोणी नव्हता. फिलिप गॉस यांचे चिरंजीव एडमंड यांनीं बापलेकांच्या नात्यावर १९०७ त लिहिलेल्या पुस्तकांत या विध्वंसाविषयीं कळवळून लिहिलें आहे. आपण लहानपणीं वडिलांबरोबर पाहिलेलीं तीं डबकीं आतां कोणालाच दिसणार नाहींत, असें त्यांचें म्हणणें. आणि ज्यांच्या पुस्तकांनीं लोकांना तेथें नेलें त्या वडिलांनाच याचें अतोनात दुःख झालें, हेंही त्यांनीं नमूद केलें आहे. गॉस १८८८ त वारले. टॉर्कीजवळच्या त्याच किनाऱ्यावर त्यांचीं अखेरचीं तीस वर्षें गेलीं.

वॉरिंग्टन यांच्या त्रिकोणांत एक कोन राहून गेला होता, हें त्यांच्या हयातींत कोणाला उमगलें नाहीं. १८७७ त श्लोसिंग आणि म्यून्ट्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं, गटाराचें पाणी वाळूंतून पाझरवितांना दाखवून दिलें कीं त्यांतल्या अमोनियाचें रूपांतर करणारें काम सजीवांचें आहे. १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की यांनीं ते जीवाणू वेगळे काढले. माशांच्या मलमूत्रांतून निघणारा अमोनिया माशांनाच विष. हे जीवाणू त्याचें आधीं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि नायट्रेट झाडें खातात. ते पाण्यांत तरंगत असतात त्याहून कितीतरी अधिक वाळूच्या कणांवर, दगडांवर आणि हल्लींच्या हौदांत गाळणीच्या स्पंजावर चिकटून राहतात. नव्या हौदांत त्यांची वस्ती जमावयास कित्येक आठवडे लागतात.

अकरा महिन्यांच्या करारानें राहणाऱ्या मुंबई-पुण्याच्या बिऱ्हाडकरूला हीच गोष्ट नडते. हौद आतां हलका झाला आहे, कांचा सिलिकोननें जोडलेल्या, हवा विजेचा पंप देतो. खिडकीच्या दिशेचें बंधनही दिव्यांनीं काढून टाकलें आहे. करार संपतो, टेंपो दाराशीं येतो, आणि घाईंत कोणी तरी हौद रिकामा करून कांच लख्ख पुसतो, वाळू नळाखालीं खळखळून धुतो, स्पंज पिळून उन्हांत वाळत घालतो. नव्या घरीं हौद पहिल्याहून सुंदर मांडला जातो, आणि आठवड्याच्या आंत मासे वर येऊन तोंडें उघडूं लागतात. हललें तें कांचेचें घर. घर चालविणारे त्या नळाच्या क्लोरीनमध्यें आणि उन्हांत संपलेले असतात. म्हणून जाणते लोक हौद हलवितांना वाळू धूत नाहींत. जुन्या पाण्यांतच ती बादलींत भरतात, स्पंज त्याच पाण्यांत बुडवून ठेवतात, झांकण सैल ठेवतात, आणि इतर सामान टेंपोंत गेलें तरी ती बादली पायांशीं घेऊन स्वतः बसतात.